गैरहजेरीनंतरचा पहिला दिवस : सिकलसेल असलेल्या सातवीतल्या मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातलं आहे. मुलीचं नाव इथे आचल ठेवलं आहे. गाव आणि शाळा ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाची विशेष शिक्षक आहे. माझ्याकडे एकच शाळा नसते, त्यामुळे कुठल्याही एका मुलापाशी मला रोज बसता येत नाही. जे घडवायचं ते वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, घरची माणसं आणि आशाताई यांच्या हातून घडवावं लागतं.

२०२३-२४ च्या सत्रात आचल जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत सातवीत होती. गावात सातवीपर्यंतच वर्ग आहेत. आठवीसाठी सहा-सात किलोमीटरवरच्या मोठ्या गावातल्या अनुदानित हायस्कूलला जावं लागतं. आईवडील शेतमजूर. धानाची कापणी आणि मळणी आटोपली की दोघं जानेवारीत मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि एप्रिलच्या सुमारास परततात. तेवढे महिने आचल आणि तिचा धाकटा भाऊ आजीजवळ असतात.

आचलला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस पॅटर्नचा. म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही तिला हा दोष आला. आईवडील दोघंही एएस, म्हणजे वाहक, त्यांना स्वतःला त्रास नाही. एसएस असलेल्या मुलाच्या तांबड्या पेशी अंगातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, ताप आला किंवा दमछाक झाली की विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातपाय, पाठ, छाती, पोट यांपैकी काहीही दुखू लागतं, आणि ते दुखणं साधं नसतं. या पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे पिवळसर.

विदर्भात हा आजार कोणाला नवा नाही. आरोग्य खात्याची तपासणी, कार्डं, आशाताईंच्या याद्या हे सगळं गावोगाव आहे. तरीही शाळेच्या लेखी आचल दिव्यांग नव्हती. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सिकलसेल नव्हताच. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार केले, त्यांत हिमोफिलिया आणि थॅलेसेमियासोबत सिकलसेलही आला. शाळांच्या मनात मात्र दिव्यांग म्हणजे कुबडी, तीनचाकी सायकल, श्रवणयंत्र. यू-डायसच्या, म्हणजे शाळांनी सरकारला भरून द्यायच्या, माहितीत आचलच्या नावापुढचा दिव्यांगत्वाचा रकाना कोरा होता.

अडचण

माझ्यापर्यंत हे प्रकरण सिकलसेलचं म्हणून आलं नाही. केंद्रप्रमुखांचा निरोप होता की सातवीत एक मुलगी आहे, अध्ययन अक्षमता असावी, येऊन पाहा. वर्गशिक्षकांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "मॅडम, ही पोरगी आठ दिवस येते, आठ दिवस नसते. आली तरी लक्ष नाही. मी शिकवू कधी?" सर कामचुकार नव्हते. सहावी आणि सातवी ते एकटेच सांभाळत होते, आणि गणितात मागे पडलेली आणखीही मुलं त्यांच्यापुढे बसलेली होती.

हजेरीपटावर पावसाळ्यात आणि डिसेंबरात सलग गैरहजेरीचे पट्टे दिसत होते. एका पट्ट्यात ती जवळजवळ महिनाभर आली नव्हती. सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल आपल्याकडे शाळाबाह्य धरलं जातं, म्हणजे आणखी थोडं लांबलं असतं तर तिचं नाव वेगळ्याच यादीत गेलं असतं. आदल्या वर्षी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं त्या दिवशीही ती घरी होती, आणि पथक शाळेत वर्षातून एकदाच येतं.

वर्गात तिच्याविषयी तीन तक्रारी होत्या. सारखी पाणी प्यायला उठते. सारखी बाथरूमला जाते. आणि परिपाठाला खाली बसते. या तिन्ही सवयी तिच्या आजाराच्याच आहेत. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे लघवीवाटे पाणी जास्त जातं, तहान जास्त लागते, आणि पाणी कमी पडलं तर दुखणं उठतं. परिपाठाला उन्हात किंवा थंडीत वीस मिनिटं उभं राहणं तिला झेपत नाही. वर्गात बोलणी बसू लागली तशी आचलने यावर आपला उपाय काढला. ती शाळेत पाणी पिणंच कमी करू लागली, म्हणजे उठायला नको. मुलींचं स्वच्छतागृह कुलूपबंद असायचं आणि किल्ली कार्यालयात असायची, हेही त्यामागचं कारण होतं. वर्गातली मुलं तिला "पिवळी" म्हणायची. उंची आणि अंगकाठीने ती चौथीतली वाटायची, कारण या आजारात वाढ मागे पडते. तेराव्या वर्षी एखादीला हे किती लागत असेल, ते सांगायला नको.

आता अभ्यासाचं. मी तिला वाचायला दिलं तर ती मराठीचा उतारा नीट वाचत होती, अर्थ सांगत होती. अध्ययन अक्षमतेत वाचनात-लेखनात जी अक्षरांची उलथापालथ दिसते ती दिसत नव्हती. गणितात मात्र परिमेय संख्यांच्या बेरजेला ती अडून बसायची. थोडं मागे गेल्यावर कारण सापडलं. छेद समान करायला लसावि लागतो, आणि मसावि-लसाविचं प्रकरण वर्गात झालं ते दिवस तिने घरी दुखण्यात काढले होते. परत आली तेव्हा वर्ग पुढे गेलेला. तिचं एक वाक्य मी नोंदवहीत जसंच्या तसं लिहून घेतलं : "सर म्हणते मागचं वहीतून उतरवून घे. उतरवून घेते मी, पण समजत नाई."

सगळा खुलासा एवढ्याने होत नव्हता, हेही नोंदवलं पाहिजे. दुपारनंतर तिचा वेग स्पष्टपणे मंदावायचा. चार सूचना एकदम दिल्या तर दोन विसरायची. रक्त कमी असलेल्या मुलाला थकवा येतोच, पण सिकलसेलमध्ये आणखी एक शक्यता डोक्यात ठेवावी लागते. मेंदूतल्या बारीक वाहिन्या बंद होऊन छोटे आघात होतात, त्यात हातपाय लुळे पडत नाहीत, बोलणं अडखळत नाही, घरच्यांना काही कळतही नाही, फक्त लक्ष टिकणं आणि काम उरकणं अवघड होत जातं. अशा मुलाला "आळशी" ठरवणं फार सोपं असतं. आजीने पहिल्याच दिवशी ते खोडून काढलं होतं : "थे आळशी नाई मॅडम. अंग दुखते त बोलत बी नाई, गोधडी घेऊन पडून रायते."

पहिला निर्णय : आधी निदान की आधी मदत?

शाळेचं म्हणणं होतं की आधी डॉक्टरांचा कागद येऊ द्या, मग काय ते ठरवू. या म्हणण्यात तथ्य होतं. नेमकं काय आहे हे कळल्याशिवाय चुकीच्या दिशेने मेहनत जाण्याचा धोका असतो. पण मेंदूच्या रक्तवाहिन्यांतल्या प्रवाहाचा वेग मोजणारी डॉपलर तपासणी तालुक्यात होत नाही, त्यासाठी नागपूर गाठावं लागतं. आईवडील मिरचीला गेलेले, आजीला नागपूरची सवय नाही. या सगळ्यात दोन-तीन महिने सहज गेले असते, आणि तोवर सातवीचं वर्ष संपलं असतं.

आम्ही दोन्ही गोष्टी एकदमच सुरू केल्या. पाण्याची बाटली, बाथरूमची परवानगी आणि लसाविची उजळणी यांना कुठल्याही डॉक्टरचा कागद लागत नाही. तपासण्यांचं काम आशाताईंनी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या समुपदेशकांनी अंगावर घेतलं. तिथेच कळलं की हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल, जिच्याने दुखण्याची संकटं कमी होतात, तिने आई गेल्यापासून घेतलेलीच नव्हती. कारण साधं होतं. कॅप्सूलसोबत ठरावीक काळाने रक्ततपासणी करावी लागते, ते काम आई करायची, आणि आई तेलंगणात होती. शाळेतली गैरहजेरी, अभ्यासातला खड्डा आणि घरातलं स्थलांतर यांचा एकमेकांशी असलेला संबंध या एका गोष्टीत मला पहिल्यांदा पूर्ण दिसला.

पर्याय

शाळेत बैठक झाली. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षबाई, आशाताई, आजी आणि मी. आचलला मधल्या सुट्टीनंतर बोलावलं.

पहिली सूचना आली निवासी शाळेची. आईवडील बाहेर असतात, तिथे जेवणखाण होईल, आरोग्य तपासणी होईल, शाळा चुकणार नाही. ऐकायला बिनतोड. पण मोठ्या वसतिगृहातली थंड फरशी, पहाटेची थंड पाण्याची आंघोळ, पाण्यासाठीची रांग, या सगळ्याच गोष्टी तिचं दुखणं उठवणाऱ्या. त्याहून नाजूक गोष्ट आजीने मला बाजूला घेऊन सांगितली. आचलला अजूनही रात्री कधी कधी अंथरुणात लघवी होते. मूत्रपिंडाच्या त्याच दोषामुळे सिकलसेलच्या मोठ्या मुलांतही हे होतं. चाळीस मुलींच्या खोलीत तिचं काय झालं असतं, याचा विचार करून मी या पर्यायाला ठाम विरोध केला, आणि कारण बैठकीत न सांगता फक्त मुख्याध्यापकांना सांगितलं.

दुसरी सूचना गृहाधारित शिक्षणाची. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने बहुविकलांग किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला आहे. ज्या मुलाला शाळेत आणणं खरोखरच शक्य नाही, त्याच्यासाठी तो आहे. महिन्यातले बरेच दिवस जी मुलगी धावत शाळेत येते, तिला घरी बसवण्यासाठी तो नाही. हा मार्ग घेतला असता तर हजेरीचा प्रश्न कागदावर सुटला असता आणि आचलच्या मैत्रिणी सुटल्या असत्या.

तिसरी सूचना सरांची होती : यंदा सातवीतच ठेवू, पाया पक्का होईल. राज्यात वार्षिक परीक्षेवर थांबवण्याची तरतूद पाचवी आणि आठवीला आहे, सातवीला नाही, म्हणून नियमाने ते शक्यच नव्हतं. पण सरांची काळजी खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी आठवीची परीक्षा होती आणि तिथे ती खरोखर अडकू शकत होती.

उरला चौथा पर्याय. गावातल्याच शाळेत ठेवायचं, आणि शाळेनं असं गृहीत धरायचं की ही मुलगी अधूनमधून गैरहजर राहणारच आहे. गैरहजेरी ही तिची चूक न मानता तिच्या दिव्यांगत्वाचा भाग मानायची आणि आराखडा त्याभोवती बांधायचा. बैठकीत सगळ्यात जास्त वेळ याच वाक्यावर गेला. आपली बरीचशी समावेशित शिक्षणाची योजना कायम दिसणाऱ्या, रोज सारख्याच असणाऱ्या दिव्यांगत्वासाठी बेतलेली आहे. रॅम्प एकदा बांधला की रोज उपयोगी पडतो. आचलचं दिव्यांगत्व सोमवारी नसतं, बुधवारी असतं आणि पुढच्या सोमवारी पुन्हा नसतं. तिच्यासाठी खरी कसोटी शाळेत नसलेल्या दिवसांची नव्हती, परत आलेल्या पहिल्या दिवसाची होती. त्या दिवशी वर्ग तिच्याशी कसा वागतो यावर ती पुढचा आठवडा टिकणार की नाही हे ठरायचं.

कोणाला किती सांगायचं

आजीचा आग्रह होता की वर्गात आजाराचं नाव निघू नये. "गावात सांगू नका जी, पोरीची जात हाय. उद्या तिले पाहाले कोण येईन?" ही भीती निराधार नाही. सिकलसेल लागत नाही, तो रक्तातून वारशाने येतो, हे बऱ्याच जणांना माहीत आहे, तरी घराण्याला बट्टा म्हणून लपवण्याची रीत आहे. दुसरीकडे शिक्षकांना काहीच ठाऊक नसेल तर ताप आलेल्या मुलीला ते "बस जरा कोपऱ्यात" म्हणतील, आणि सिकलसेलमध्ये मोठा ताप म्हणजे वाट न पाहता दवाखाना.

म्हणून माहितीचे दोन थर केले. शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना पूर्ण माहिती, आजीच्या आणि फोनवरून आईच्या संमतीने. वर्गाला आचलविषयी काहीच सांगायचं नाही. त्याऐवजी आरोग्य केंद्राकडून सगळ्याच मुलांसाठी सिकलसेलची माहिती आणि तपासणी ठेवली. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं, त्यात वय ४० पर्यंतच्या लोकांची तपासणी करायची आहे, त्यामुळे निमित्त शोधावं लागलं नाही. तपासणीत वर्गातल्या आणखी मुलांना एएसची कार्डं मिळाली. ती मुलं चांगली धडधाकट खेळणारी होती. "पिवळी" हा शब्द त्यानंतर हळूहळू कमी झाला. आचलने स्वतः आपल्या दोन मैत्रिणींना सांगितलं. कधी आणि कोणाला सांगायचं हे तिच्यावर सोडलं, हा या प्रकरणातला मला सगळ्यात बरोबर वाटणारा निर्णय आहे.

काय केलं

शिक्षकांच्या खोलीत कपाटाच्या आतल्या बाजूला एक पान लावलं. ताप १०१ च्या आसपास गेला, छातीत दुखलं, धाप लागली, पोट फुगलं, अचानक पांढरीफटक पडली, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला किंवा बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन आणि मग आजीला, या क्रमाने. साधं दुखणं उठलं तर भरपूर पाणी, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी, पांघरूण, गरम कपड्याचा शेक. बर्फ अजिबात नाही. हे शेवटचं लिहावंच लागलं, कारण मैदानावर लागलेल्या मुलाला बर्फ लावण्याची शाळेत सवय होती. दुखणं किती आहे ते आचलने शून्य ते दहामध्ये बोटांनी दाखवायचं, म्हणजे रडल्याशिवाय कोणी विश्वास ठेवत नाही असं होणार नाही.

पाण्याची बाटली बाकावर आली. मुलींच्या स्वच्छतागृहाचं कुलूप काढलं, त्यासाठी समितीच्या अध्यक्षबाई स्वतः उभ्या राहिल्या. त्याचा फायदा शाळेतल्या सगळ्या मोठ्या मुलींना झाला. परिपाठाला ज्याला बसायचं त्याला बसता येईल असं सरसकट जाहीर केलं, त्यामुळे तिच्याकडे वेगळं बोट गेलं नाही. थंडीत तिची जागा दाराजवळून खिडकीच्या उन्हात हलवली.

खेळाच्या तासाचा घोळ बराच चालला. सरांना वाटत होतं तिला पूर्ण सूट द्यावी. आचलला २६ जानेवारीच्या लेझीमपथकात राहायचं होतं. डॉक्टरांनी दमछाक आणि पाण्याची कमतरता टाळा असं सांगितलं होतं, खेळ बंद करा असं नाही. पथकात ठेवलं आणि तिला वाटेल तेव्हा बाजूला व्हायची मुभा दिली, कारण न विचारता. सरावाच्या दिवसांत ती बऱ्याचदा अर्ध्यातून बसली. प्रजासत्ताक दिनी शेवटपर्यंत होती.

अभ्यासासाठी आयईपी, म्हणजे तिच्यापुरता वैयक्तिक शिक्षण आराखडा, केला, पण सरांना तो भरायला वेळ नव्हता हे मला दिसत होतं. म्हणून त्याचं एक छोटं रूप ठेवलं. दर शनिवारी सर त्या आठवड्याच्या गणित, विज्ञान आणि इंग्रजीतल्या फक्त त्या गोष्टींवर खूण करत ज्यांच्याशिवाय पुढचं अडतं. लसावि अशी गोष्ट आहे. एखादी लांबलचक रचना पुन्हा काढणं अशी गोष्ट नाही. ती खुणांची वही शेजारची मैत्रीण तिच्या घरी नेऊन द्यायची, आणि फळ्याचे फोटो काकाच्या मोबाइलवर जायचे. दुखणं असताना अभ्यासाची सक्ती नाही. परत आल्यावर पहिले दोन दिवस वहीतलं उतरवणं बंद, त्या वेळात खूण केलेल्या गोष्टी एका मुलीसोबत किंवा माझ्यासोबत सोडवायच्या. घटक चाचणी दोन भागांत, मध्ये विश्रांती, आणि दुपारऐवजी सकाळी.

हे सगळं सुरुवातीपासून सुरळीत चाललं नाही. पहिल्या महिन्यात वही दोनदा शाळेतच राहिली. सरांना निवडणुकीच्या कामाला जावं लागलं तेव्हा शनिवारची खूण थांबली. मुख्याध्यापकांनी ते काम सहाव्या-सातव्या वर्गाच्या मुलांकडूनच करून घेतलं : आज काय शिकलो ज्याच्याशिवाय उद्याचं समजणार नाही, हे मुलांनी वहीत लिहायचं. मला ही युक्ती मूळ योजनेपेक्षा चांगली वाटली.

प्रमाणपत्राचा प्रश्न

दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रासाठी अर्ज केला आणि आईवडील परत आल्यावर वैद्यकीय मंडळापुढे गेलो. टक्केवारी ४० च्या खाली आली. आमच्याकडे मदतनीस आणि प्रवास भत्त्यासाठी ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र मागितलं जातं, त्यामुळे ते पैसे मिळाले नाहीत. निकाल ऐकून शाळेतून प्रश्न आला की मग आता बाकीच्या सवलती द्यायच्या का?

इथे २०१६ च्या दिव्यांग कायद्याची रचना शिक्षकांना माहीत असणं फार उपयोगी पडतं. ६ ते १८ वयातल्या मोफत शिक्षणाची खास हमी देणारं कलम ३१ हे किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी आहे. पण शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करून द्याव्यात असं सांगणारं कलम १६ दिव्यांग मुलांविषयी बोलतं, त्यात ४० टक्क्यांची अट नाही. परीक्षेत जादा वेळ आणि अभ्यासक्रमात योग्य बदल यांचा उल्लेख कलम १७ मध्ये आहे. बाटली, बाक, सकाळची चाचणी आणि खुणांची वही यांतलं काहीही टक्केवारीवर अवलंबून नाही. हे मी शाळेला लेखी दिलं. सिकलसेल रुग्णांसाठी साध्या एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे, तिचे कागद मात्र केले, आणि नागपूरच्या फेऱ्या त्यामुळे परवडल्या.

परिणाम

कॅप्सूल पुन्हा सुरू झाल्यावर संकटं थांबली नाहीत, पण त्यांच्यातलं अंतर वाढलं. डॉपलरमध्ये प्रवाहाचा वेग धोक्याच्या पातळीखाली आढळला. त्याने पक्षाघाताची मोठी भीती कमी झाली. दुपारचा मंदपणा रक्त थोडं वाढल्यावर काहीसा कमी झाला, पूर्ण गेला नाही, आणि सकाळी अवघड विषय ही सोय आम्ही तशीच ठेवली. सातवीच्या शेवटी तिला परिमेय संख्यांची बेरीज येत होती, बैजिक राशींत अजून अडत होतं. गैरहजेरी वर्षाच्या दुसऱ्या भागातही बरीच होती. फरक असा पडला की परत आल्यावर ती दुसऱ्या दिवशी पुन्हा घरी बसत नव्हती. आधीच्या हजेरीपटात दुखण्याचे दिवस संपल्यावरही न आलेले जे दोन-तीन दिवस दिसायचे, ते जवळजवळ दिसेनासे झाले.

आठवीचं स्थित्यंतर कठीण गेलं. हायस्कूलला जायला मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाची मोफत बस आहे, पण ती फाट्यावर येते आणि फाटा गावापासून लांब. मैत्रिणी सायकलने जाणार होत्या. तिला सायकलची चढण झेपणार नव्हती. फाट्यापर्यंत काका गाडीवर सोडतात, संध्याकाळी मैत्रिणी तिच्यासोबत चालत येतात. नव्या शाळेत प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक. ऑगस्टमध्ये एका तासाला तिला बाथरूमला जाऊ दिलं नाही, आणि ती दोन दिवस शाळेत गेली नाही. कपाटातलं पान जुन्या शाळेतच राहिलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

आरोग्य विभागाच्या यादीत आचल तीन-चार वर्षांची असल्यापासून होती. शाळेच्या यादीत ती सातवीत आली. ही दोन्ही दप्तरं एकाच गावात, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी आशाताई आणि मुख्याध्यापक यांनी, पालकांच्या संमतीने, एकदा याद्या समोरासमोर ठेवल्या असत्या तर सहा वर्षं वाचली असती. आता या केंद्रातल्या शाळांत दरवर्षी तशी बैठक घ्यायची असं ठरलं आहे.

स्थलांतराचा अंदाज आधीच बांधायला हवा. आईवडील जानेवारीत जाणार हे गावात सगळ्यांना माहीत असतं. डिसेंबरातच औषधाचा पुरता साठा, रक्ततपासणीच्या तारखा आणि त्या तारखांना आजीसोबत कोण जाणार हे लिहून ठेवलं तर औषधात खंड पडणार नाही. हे काम आरोग्याचं की शिक्षणाचं, या वादात वेळ घालवू नये. शाळेत त्याचा परिणाम दिसतो, म्हणून शाळेने ते विचारलं पाहिजे.

अध्ययन अक्षमतेचा संशय शिक्षकांनी घेतला यात वावगं काही नाही. पण विशेष शिक्षकाकडे पाठवण्याच्या नमुन्यात एक प्रश्न असावा : हे मूल कोणते घटक शिकवताना वर्गात नव्हतं? आचलच्या बाबतीत हजेरीपट आणि पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका शेजारी ठेवली तेव्हा अर्धं उत्तर तिथेच होतं.

आणि हायस्कूलकडे हस्तांतर. आम्ही ते जुलैत केलं, कारण नवा वर्ग, नवे शिक्षक तेव्हा ठरतात असं वाटलं. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि जुलै म्हणजे रोवणी, धानाची लावणी. आई-आजी धानाच्या बांधीत, बैठकीला कोणीच नाही, सगळं फोनवर. ही बैठक एप्रिलमध्ये, सकाळच्या शाळेच्या दिवसांत, मिरचीहून परतलेल्या आईवडिलांसमोर, दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांना बसवून व्हायला हवी. आचललाही बोलवावं. आता ती कपाटातल्या पानाचा मजकूर स्वतः लिहू शकते. हायस्कूलसाठीचं नवं पान तिनेच सप्टेंबरमध्ये लिहून दिलं, आणि त्यात पहिली ओळ बाथरूमची आहे.